मुरेनचा व्हाया फेराटा: पैसे लागतात, पण गाइड घेऊनच जा

स्वित्झर्लंडमधल्या मुरेनचे फोटो टाकल्यापासून आमच्या पन्हाळा-विशाळगडच्या ट्रेकवाल्या पोरांचे रोज मेसेज, हे काय वायरला लटकलायस, किती खर्च आला, आपल्याला जमंल का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. व्हाया फेराटा म्हणजे कड्यावर वायर आणि लोखंडी कड्या ठोकून केलेली वाट.

भाचा झुरिकला नोकरीला आहे, त्याच्याकडं उन्हाळ्यात जाऊन राहिलो. त्यानंच बुकिंग करून ठेवलेलं, मला आदल्या रात्री सांगितलं, "मामा, उद्या कड्यावरून चालायचंय." म्हटलं चालायचंच आहे ना, मग काय विषय नाही.

तर जागा अशी. लाउटरब्रुनेन म्हणून एक खोल दरी आहे, दोन्ही बाजूला सरळसोट कडे, आणि एका कड्याच्या डोक्यावर मुरेन गाव बसलंय, साधारण १,६४० मीटरवर. गावात गाड्या नाहीत, वर जायचं ते केबल कारनं. समोर आयगर, मोंख, युंगफ्राउ ही शिखरं एका ओळीत उभी. मुरेनमधून खालच्या गिमेलवाल्ड गावापर्यंत कड्याच्या पोटातूनच वाट केलीये, २.२ किलोमीटरची, २००८ ला सुरू झालेली. वाट म्हणजे काय, तर खडकात ठोकलेली जाड स्टीलची वायर शेवटपर्यंत सोबत असते, जिथं पाय ठेवायला जागा नाही तिथं जुन्या विहिरीत उतरायला असतात तसल्या लोखंडी कड्या, आणि जिथं खडकच संपतो तिथं पूल. उतरण तीनेकशे मीटरची, म्हणजे चढून दमायचा प्रश्नच नाही, दमतंय ते डोकं.

व्हाया फेराटाचा हा प्रकार तिकडं मजेसाठी वाढला तो नंतर. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून आल्प्समधल्या डोलोमाइट्सच्या डोंगरात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजा समोरासमोर होत्या, माणसं आणि दारूगोळा वर न्यायला त्यांनी कड्यांवर शिड्या, दोर बसवले, त्यातल्याच बऱ्याच वाटा पुढं दुरुस्त करून लोकांना खुल्या केल्या. आपल्याकडं हरिहरच्या पायऱ्या चढताना डोक्यात येतंच की ज्यानं ह्या खोदल्या त्याला कोणी बांधलं होतं का.

आता मुद्द्याचं. गाइड घ्यायचा का सामान भाड्यानं घेऊन आपलं आपण जायचं? दोन्ही चालतं तिथं, आणि भाड्यानं घेतलं तर निम्म्याहून जास्त पैसे वाचतात. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा जाताय तर गाइड घ्या, आणि हे मी भित्रेपणातून सांगत नाही, का ते बघा.

कमरेला हार्नेस म्हणजे कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा, डोक्याला हेल्मेट, आणि हार्नेसला लॅनयार्ड म्हणजे दोन फाट्यांचा आखूड पट्टा, प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी. दोन्ही वायरला अडकवून पुढं सरकायचं. दर काही मीटरवर वायर खडकात ठोकून पक्की केलेली असते, तो अँकर, तिथं आला की एक काढून अँकरच्या पलीकडं लावायचा, मग दुसरा. एक कायम वायरवर, दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतंय आणि आहेही सोपं, पण तासाभरानं हात यंत्रासारखे चालायला लागतात आणि डोकं डोंगर बघत असतं, तेव्हाच घोटाळा होतो. आमचा गाइड दर अँकरला मागं वळून प्रत्येकाच्या हाताकडं बघायचा, बोलायचा काही नाही, नुसता बघायचा.

दुसरी गोष्ट मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हती. आपल्याला वाटतं वायरला अडकवलंय म्हणजे पडलो तरी जागेवर थांबणार. तसं नाही. उभ्या भागात घसरलात तर कॅराबिनर वायरवरून सरसर खालच्या अँकरपर्यंत येतो आणि मग झटका बसतो, म्हणजे तीन मीटर पडणं आणि ते पेलायला मीटरभराचा लॅनयार्ड. दोरावरच्या क्लाइंबिंगमध्ये सहसा एवढा जोराचा झटका बसतच नाही. म्हणून लॅनयार्डला एक घडी घालून शिवलेला पट्टा असतो, झटका बसला की त्याची शिवण टराटरा उसवत जाते आणि जोर खाऊन टाकते. एकदा उसवला की तो सेट बाद. आणि पडताना मधल्या लोखंडी कड्यांवर आपटायचं ते वेगळंच. म्हणून गाइडचं पहिलं वाक्य होतं की इथं पडायचं नाही. उभ्या भागात दोन अँकरच्या मध्ये एकच माणूस, वरचा पुढं गेल्याशिवाय खालच्यानं हात लावायचा नाही, ह्याचं कारणही तेच, वरचा घसरला तर खालच्याच्या डोक्यावर येणार.

हे मुद्दाम सांगतोय कारण रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, वापरतात तसली साधी स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) आणि दोन कॅराबिनर घेऊन मी करतो म्हणणारे दोन-तीन भाऊ आपल्यातच आहेत, नावं घेत नाही. साध्या स्लिंगमध्ये झटका खाणारं काहीच नसतं, तो सगळा झटका तुमच्या कमरेला किंवा मग स्लिंगच तुटणार. सेकंडहँड सेटच्याही नादाला लागू नका. २०१२ ला ऑस्ट्रियात लॅनयार्डचे दोन्ही फाटे तुटून एक माणूस गेला, त्यानंतर कंपन्यांनी ढिगानं जुने सेट परत मागवले होते. आत्ताच्या युरोपियन स्टँडर्डचे सेट ४० ते १२० किलो वजनासाठी असतात, त्यामुळं बारकी पोरं नेणार असाल तर त्यांना नुसत्या सेटवर सोडायचं नाही, दोर लावून गाइडनं सांभाळायचं असतं. आणि वरच्या आकड्याच्या जवळ आपल्यातले कोण आहेत ते त्यांना माहीत आहे.

आता प्रत्यक्ष अनुभव. सुरुवातीचा भाग नुसती पायवाट, गवत, फुलं, मला वाटलं एवढ्यासाठी एवढा तामझाम? मग वाट वळली आणि जमीन गेली. म्हणजे खरंच गेली, पुढं खडकातून बाहेर आलेल्या लोखंडी कड्या, आणि त्यांच्या मधून सरळ खाली दरीतली झाडं, तीनचारशे मीटर. पन्हाळ्याच्या तटावरून खाली बघणारा माणूस मी, पण तटावर पायाखाली दगड असतो. पहिल्या कडीवर पाय टाकायला मी किती वेळ लावला ते भाच्याला विचारा, तो रंगवून सांगंल. गाइडनं घाई केली नाही, फक्त म्हणाला वायरला गच्च धरू नका, वायर हातानं ओढत राहिलात तर दहा मिनिटांत हात भरून येतील, वजन पायावर टाका. आणि खरंच, पायावर उभं राहिल्यावर भीती निम्मी झाली. आपल्या ट्रेकवाल्यांना हे लवकर जमंल, आपले पाय बरे असतात, गडबड हातांचीच.

मध्ये एक तारेवरचा भाग आहे, खाली पाय ठेवायला एक तार आणि धरायला वर तारा, तो सगळ्यात बेकार. तार हलते, पुढचा हलला की तुम्ही हलता. गाइडसोबत असलात तर एका ठिकाणी झिपलाइन करायला मिळते, ती तर पोरखेळ वाटली त्याच्यापुढं. आणि शेवटी गिमेलवाल्डच्या जवळ ८० मीटरचा झुलता पूल, त्याला नेपाळी पूल म्हणतात. लोक त्याचेच फोटो टाकतात, पण तोवर भीती मरून गेलेली असते, मी मधोमध उभा राहून खिशातलं भडंग काढलं, गाइडलाही दिलं, त्यानं मूठभर खाल्लं आणि मग पाणी मागितलं.

नाराजी कशाची म्हणाल तर ग्रुपची. ज्यांच्याकडनं बुकिंग केलं त्यांनी सराईत आणि नवखे एकत्र कोंबलेले, आठ जण एका गाइडमागं. पुढं एक बाई तारेवर अडकल्या, आणि आम्ही मागं लोखंडी कड्यांवर उभं, शॉर्ट लीशवर, म्हणजे विसावा घ्यायच्या आखूड पट्ट्यावर टेकून, पिंढऱ्या थरथरायला लागल्या. तीन तासांचं सांगितलेलं त्याचं चार तास झालं. हातमोजेही आधीच्या बॅचचे ओले. एवढे पैसे घेता, माणशी पाच आकडी रुपये पडतात, तर कोरडे हातमोजे तरी द्या की. चारच्या आतला ग्रुप मिळाला तर बघा, जास्त लागले तरी चालतील.

अवघडपणाचं सांगायचं तर सहा पायऱ्यांपैकी तिसरी, के-३, मध्यम. नवख्याला चालतं, पण उंचीचं ज्यांना खरंच होत नाही त्यांनी भाबडेपणानं जाऊ नये, कारण मधून बाहेर पडणं सोपं नाही. सीझन जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, बर्फ पडला की बंद. सकाळचीच वेळ घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर तिकडं वीज-वादळ येतं आणि तुम्ही अख्ख्या कड्यावरच्या लोखंडाला चिकटलेले असता. ट्रेकिंगचेच बूट चालतात, ताठ सोलचे असले तर लोखंडी कड्यांवर पाय दुखत नाहीत.

माझ्याकडनं पाचपैकी चार, एक कापला तो ग्रुप आणि हातमोज्यांचा. भाच्याला आता लॉयकरबाड गावाचा डाउबनहॉर्न व्हाया फेराटा करायचाय, स्वित्झर्लंडमधला सगळ्यात लांब, आठ तासांचा. त्याला म्हटलं तू जा बाबा, मी खाली गरम पाण्याच्या कुंडात बसून तुझे फोटो काढतो, त्या गावात ती सोय आहे म्हणे.