इन्स्टाग्राम की व्हॉट्सअ‍ॅप? नाशिकच्या छोट्या ब्रुअरीने आपल्या माणसांशी कुठे बोलावं

माझा मावसभाऊ आणि त्याचा मित्र नाशिकमध्ये छोटी ब्रुअरी काढायच्या तयारीत आहेत. गंगापूर रोडला जागा बघून ठेवली आहे, टाक्यांचे दर मागवून झालेत, परवान्याचे कागद गोळा करणं चालू आहे. परवा मिसळ खाता खाता त्याने विचारलं, "ताई, आम्ही माणसं पाच. सगळ्या अ‍ॅपवर पुरे पडणं काही जमायचं नाही. नेमकं काय धरू? की सगळं एजन्सीला देऊन टाकू?"

मी पुण्यात एका टॅपरूमचं, म्हणजे ताजी बिअर थेट नळावरून मिळते त्या जागेचं, सोशल मीडियाचं खातं साडेतीन वर्षं सांभाळलं. रात्री अकराला आलेल्या मेसेजलाही उत्तरं दिली आहेत. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, म्हणजे त्याच वळणावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणालाही उपयोग होईल.

आधी नाशिकचं बोलू, कारण ही निवड पुण्या-मुंबईत वेगळी ठरली असती. इथे सुला ही वाइनरी १९९९ मध्ये सुरू झाली, २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली, आणि त्यानंतर मद्याकडे 'कुठून आलं, कोणी केलं' या नजरेने बघणारा एक वर्ग या शहरात तयार झाला. वाइनवाल्यांकडे सांगायला जमीन आहे. द्राक्ष इथलं, माती इथली, फेब्रुवारी-मार्चमधली तोडणी डोळ्यांनी बघता येते. बिअरचं तसं नाही. जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) बहुतेक उत्तरेकडून येतं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बहुतांशी परदेशातून. मग त्या ग्लासात नाशिकचं काय उरतं? पाणी, बनवणारा माणूस आणि समोर बसून पिणारा माणूस. म्हणून छोट्या ब्रुअरीला त्या दोन माणसांमधली ओळख जपावीच लागते. तिच्याकडे दाखवायला दुसरं फारसं काही नसतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. ती आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढची सगळी तुलना फुकट. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून लागू आहे आणि त्याच्या कलम २४ नुसार मद्याची भलामण करणारी किंवा ते घ्यायला उद्युक्त करणारी जाहिरात छापायला, दाखवायला, वाटायला मनाई आहे. सोडा किंवा पाण्याच्या नावाखाली आडून जाहिरात करायची पळवाटही जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंद केली. तेव्हा 'शुक्रवारी या, एकावर एक घ्या' असलं काही लिहायचं नाही, मग ते कुठल्याही अ‍ॅपवर असो. पैसे भरून पोस्ट पुढे ढकलण्याचा विचार वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. माझ्या मते छोट्यांचं यात नुकसान नाही. जाहिरात करायची सोय नाही म्हटल्यावर विचारलेल्या प्रश्नाला मनापासून उत्तर देणं उरतं, आणि ते पाच माणसांच्या ब्रुअरीला मोठ्या कंपनीपेक्षा चांगलं जमतं.

इन्स्टाग्राम: नवी माणसं इथे सापडतात

मुंबईहून नाशिक साधारण १७० किलोमीटर. शनिवार-रविवारी येणारी मंडळी निघायच्या आधी इन्स्टाग्रामवर शोधतात, जागेचे फोटो बघतात, गाडी लावायला जागा आहे का ते विचारतात. तुमचं नाव कधीही न ऐकलेल्या माणसापर्यंत रील पोहोचते. ही ताकद व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाही.

पण रीलच्या मागे लागून ब्रुअरीचं भलं होतं असं मी तरी पाहिलं नाही. आमच्याकडे एक रील खूप चालली, ग्लासात फेस चढतानाची. हजारो लोकांनी पाहिली, त्यातले बहुतेक दूरच्या शहरांतले होते. त्या आठवड्यात टेबलं नेहमीइतकीच भरली. याउलट मधल्या वारी दुपारी टाकलेली साधी स्टोरी, 'आज गव्हाच्या बिअरची टाकी धुतोय, उद्या नवा घाणा', यावर आलेले दहा-बारा मेसेज फार मोलाचे होते. ती स्टोरी चोवीस तासांत जाते. त्यामुळे तिच्यात नटण्याचा ताण नसतो, आणि बघणाराही बिनधास्त काहीतरी विचारतो.

दोन कामं पहिल्याच दिवशी करा. व्यावसायिक खात्याला किमान वयाची मर्यादा लावता येते, ती २५ ठेवा. आणि मेसेज रिक्वेस्टचा कप्पा रोज उघडा. अनोळखी माणसाचा पहिला मेसेज तिथे जाऊन पडतो. आमच्याकडे सुरुवातीला तो कुणी उघडलाच नव्हता. वाढदिवसासाठी वीस जणांची जागा विचारणारा मेसेज तीन आठवडे तसाच पडून होता. त्या बाईंना मी नंतर फोन करून माफी मागितली, पण त्यांचा वाढदिवस होऊन गेला होता.

व्हॉट्सअ‍ॅप: आलेली माणसं इथे टिकतात

नाशिकमध्ये मधल्या वारी येणारा माणूस इथलाच असतो. कॉलेज रोडचा, इंदिरानगरचा, अंबड-सातपूरच्या कारखान्यातून सुटलेला. त्याला तुमची रील बघायची नसते. त्याला आज टॅपवर काय आहे आणि गेल्या वेळची काळी बिअर संपली का, एवढंच कळायला हवं असतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत होतं.

पण व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे नेमकं काय, हे इथे ठरवावं लागतं. ग्रुप, ब्रॉडकास्ट आणि चॅनल या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रुप काढू नका. हे मी ठासून सांगते. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात आणि प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो. आम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांचा ग्रुप काढला होता, मोठ्या प्रेमाने. आठवडाभरात त्यातल्या एका बाईंना दुसऱ्या सदस्याचे रात्री बाराला मेसेज यायला लागले. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवले. मी त्याच रात्री ग्रुप मोडला, त्या माणसाला यायला बंदी केली, पण त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांचा नंबर आमच्या हातून त्याच्याकडे गेला होता. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेले नाही.

चॅनलमध्ये नंबर कुणालाच दिसत नाही, माणसांची मर्यादा नाही. पण तिथे बोलणं एकतर्फी असतं. लोक अंगठा किंवा बदाम टाकतात आणि पुढे जातात. ज्याला आपली माणसं ओळखायची आहेत त्याच्यासाठी ती सूचनाफलकाची जागा आहे. दोन ऑक्टोबरला बंद, मतदानाआधीचा ड्राय डे कधीपासून, एवढं सांगायला उत्तम.

उरली ब्रॉडकास्ट यादी, आणि मी हीच निवडेन. एका यादीत २५६ माणसं. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच मेसेज पोहोचतो. लोकांना ही अडचण वाटते. मला हाच तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. ज्याने नंबर साठवला त्याला तुमचं ऐकायचं आहे. त्याचं उत्तर फक्त तुम्हाला दिसतं, बाकी कुणाला नाही. 'काळी स्टाऊट आज लावली' असं गेल्यावर कुणी 'एक टेबल धरून ठेव रे, आठला येतो' असं लिहितो, तेव्हा ते एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेलं असतं. पाच माणसांच्या ब्रुअरीला अशी दोन-अडीचशे माणसं मिळाली तर मधले वार निघतात. फक्त कॅटलॉगमध्ये बिअर टाकून विक्री मांडायच्या फंदात पडू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत ते बसत नाही.

बाकीचे

फेसबुकचं पान उघडून पत्ता, वेळ, फोन नीट भरा आणि इन्स्टाग्रामवरचंच तिथे जाऊ द्या. वेगळा वेळ देऊ नका. यूट्यूबला मेहनत फार लागते. पहिल्या वर्षी तरी विचार सोडा.

अनटॅप्ड हे २०१० पासून चालणारं बिअरवेड्यांचं अ‍ॅप आहे. लोक प्यायलेली बिअर नोंदवतात आणि पाचपैकी गुण देतात. नाशिकमध्ये तिथून गर्दी येईल असं मला वाटत नाही, पण लिहिणारे जाणकार असतात. तिथलं वाचा, वाद घालू नका. गुगल मॅप्सवरचे अभिप्राय मात्र टाळू नका. अनोळखी पर्यटक शेवटी तेच बघून गाडी वळवतो, आणि नाराज माणसाला तुम्ही कसं उत्तर दिलंत हेही तो वाचतो.

एजन्सी की स्वतः

मावसभावाचा खरा प्रश्न हा होता, आणि अ‍ॅपच्या निवडीपेक्षा हा मोठा आहे.

एजन्सीचे फोटो चांगले असतात, पोस्ट वेळेवर पडते, सणासुदीचा मजकूर विसरला जात नाही. पण एजन्सीतल्या मुलीला तुमच्या टाकीत काय चाललंय ते माहीत नसतं. आम्हाला दर आठवड्याला एक प्रश्न हमखास यायचा. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं घातलंय का? आमचे फोटो करणाऱ्यांनी एकदा परस्पर उत्तर देऊन टाकलं, "हो, ताजी केळी वापरतो." केळ्याचा कणही नसतो त्यात. तो वास यीस्ट तयार करतं आंबताना, लवंगेसारखा वासही तेच देतं. आमचा ब्रूअर हे कळल्यावर फार दुखावला. त्या दिवसापासून त्याने संध्याकाळी अर्धा तास स्वतः उत्तरं द्यायला सुरुवात केली, टंकायचा कंटाळा म्हणून आवाजी मेसेज पाठवून. लोकांना तो आवाज इतका आवडला की प्रत्यक्ष आल्यावर ते मॅनेजरला सोडून त्यालाच शोधायचे.

आणखी एक प्रसंग. लागरच्या, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरच्या, एका घाण्याबद्दल एका मुलाने रात्री लिहिलं, "आज पॉपकॉर्नच्या लोण्यासारखा वास येतोय." एजन्सी असती तर 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' असं गेलं असतं. ब्रूअरने सकाळी ग्लास भरून वास घेतला आणि गप्प बसला. मुलगा बरोबर होता. तो डायअ‍ॅसिटिलचा वास. आंबवणं संपत आल्यावर लागर दोन-तीन दिवस जरा उबेत ठेवायची असते, म्हणजे यीस्ट आंबताना तयार झालेला तो पदार्थ परत शोषून घेतं. आमच्याकडे घाई झाली होती. बिअर टॅपवरून काढली, त्या मुलाला कारणासकट कळवलं, आणि स्टोरीवरही सरळ लिहिलं की लागर आठवडाभर मिळणार नाही, चूक आमची. पुढच्या आठवड्यात तो चार मित्रांना घेऊन आला. ही ओळख पैसे देऊन बाहेरून करून घेता येत नाही.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडाने २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प फायर वणव्यानंतर मदतीसाठी एक बिअर बनवली, तिची कृती इतर ब्रुअऱ्यांना मोकळी दिली, आणि हजाराहून अधिक ब्रुअऱ्यांनी ती बनवून पैसे उभे केले. लोक जोडले गेले, कारण करण्यासारखं खरं काम समोर होतं. उलट बाजू स्कॉटलंडच्या ब्रूडॉगची. २००७ ची ही कंपनी चाहत्यांनाच भागधारक करून वाढली, तिचा सगळा सूरच 'आपण सारे एक' असा. जून २०२१ मध्ये तिच्याच माजी कर्मचाऱ्यांनी कामाच्या ठिकाणच्या भीतीच्या वातावरणाबद्दल उघड पत्र लिहिलं, आणि सहसंस्थापकाला माफी मागावी लागली. तेव्हा ग्लास भरणाऱ्या पोराला वेळेवर पगार आणि सुट्टी मिळते का, हाही या विषयाचाच भाग आहे. गिऱ्हाइकाशी सगळ्यात जास्त तोच बोलतो.

म्हणून माझा कौल असा. महिन्यातून एकदा चांगला फोटोग्राफर बोलवा, त्याचे पैसे मोकळ्या हाताने द्या. उत्तरं मात्र तुमच्यातल्याच कुणीतरी द्यायची. एजन्सी घ्यायचीच झाली तर तिच्याकडे फोटो आणि पोस्ट द्या, मेसेजचा कप्पा देऊ नका.

भाषेचं फार डोकं चालवू नका. ज्याने मराठीत विचारलं त्याला मराठीत, इंग्रजीत विचारलं त्याला इंग्रजीत. फक्त सगळा मजकूर इंग्रजीतच ठेवला तर पंचवटीतला किंवा ओझरचा माणूस ही जागा आपली नव्हे असं समजतो, आणि ते मला मनापासून टोचतं. पाटीवर बिअरचं नाव आणि चव मराठीतही लिहा. नावात मात्र देवाधर्माचं, गोदेचं, सिंहस्थाचं काही आणू नका. २०२७ मध्ये या शहरात लाखो माणसं श्रद्धेने येणार आहेत. त्यांच्या नावावर ग्लास विकणं मला पटत नाही, कायद्याने चाललं तरी.

मावसभावाने शेवटी विचारलं, दोन्ही करायला वेळ कुठून आणू? त्याच्यासाठी कामाची वाटणी अशी केली: इन्स्टाग्रामवर आठवड्याला एक नीट पोस्ट आणि जमेल तशा स्टोऱ्या, ते त्याच्या मित्राकडे. ब्रॉडकास्टचा मेसेज आठवड्यातून एकदाच, गुरुवारी दुपारी, टॅपवर काय आहे तेवढाच, तो त्याच्याकडे. उत्तरं संध्याकाळी सहा ते साडेसहा, टाक्यांजवळ बसून, ब्रूअरच्या साक्षीने. नंबर साठवायला सांगणारा छोटा फलक बिल देतो त्या टेबलावर, टॅपजवळ नाही. माणूस पिऊन-खाऊन खूश असेल तर आपणहून साठवतो, नसेल तर त्याला मागायचा नाही.

फलकावरचा मजकूर त्याने तिथेच मिसळवाल्याच्या बिलामागे लिहून काढला. आता ब्रूअर शोधतोय, आणि पहिला प्रश्न हाच विचारतोय की लोकांशी बोलायला आवडतं का.