ल्युकेमिया: संस्थेची माहिती की रुग्णांचा गट?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएलचा (कर्करोगाला कारण असलेल्या जनुकाचं रक्तातलं प्रमाण सांगणारा) रिपोर्ट हाती आला की आकड्याचा अर्थ कर्करोग संस्थांच्या ऑनलाइन माहितीतच बघावा. आंतरराष्ट्रीय मापानुसार ०.१ टक्का किंवा कमी म्हणजे औषध छान लागू पडतंय. इमॅटिनिब हे औषध जेवणासोबत, निलोटिनिबच्या कॅप्सूल मात्र उपाशीपोटी, हेही तिथेच तपासावं; गटात जो तो आपलाच नियम सगळ्यांना लावतो.

पण रात्री पायात गोळे येतात तेव्हा इतर काय करतात, हे रुग्णांच्या ऑनलाइन गटातच कळतं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला अनेकदा नुसतं लक्ष ठेवतात. 'मग औषध का नाही देत?' असं घरचे शंभरदा विचारतात, तो वैताग दुसरा रुग्णच जाणतो. 'मुळापासून बरं करतो' म्हणणारा भेटला, तर सरळ ब्लॉक करा.