कम्युनिटी कॉलेजातील ट्रक प्रशिक्षण: ब्रेक पक्के, गिअर राहिले

अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयात) मी ‘क्लास ए’ परवान्याचे, म्हणजे ट्रेलर जोडलेले अवजड ट्रक चालवण्याच्या परवान्याचे प्रशिक्षण घेतले. २०२२ पासून हा परवाना प्रथमच काढणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेतच शिकावे लागते. एअर ब्रेकची (दाबाखालील हवेवर चालणाऱ्या ब्रेकची) तपासणी येथे ज्या बारकाईने घोटून घेतली, तिला तोड नाही: इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरायचे आणि मिनिटभरात हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचे एकक) अधिक उतरत नाही ना, हे दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवून मोठ्याने सांगायचे. ट्रेलर मागे घेण्याचा सराव मात्र तोकडाच पडला, कारण एका ट्रकमागे आम्ही सहा जण ताटकळत असू. खरी खटकलेली गोष्ट म्हणजे सगळे ट्रक ऑटोमॅटिक होते. त्यामुळे मॅन्युअल गिअरचा ट्रक चालवण्यास मनाई करणारी नोंद परवान्यावर आली, आणि प्रवेश घेताना हे कोणीही सांगितले नव्हते.