कोल्हापुरात फार्महाऊस स्टाईलचं घर : एक पावसाळा काढल्यानंतर

हॉल आणि स्वयंपाकघर फार्महाऊस पद्धतीनं, म्हणजे अमेरिकेतल्या शेतावरच्या घरांसारखं, करून वर्ष उलटून गेलं. मधे एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आत्ता लिहिते. आपल्याकडं या स्टाईलची परीक्षा उन्हाळ्यात होत नाही. मृगानंतर पश्चिमेचा वारा आणि झड सुरू झाली की रंकाळ्याच्या बाजूच्या आमच्या घरात वाळत घातलेली चादर चार-चार दिवस दमट राहते. अशा हवेत चुना, दगड, जुनं लाकूड आणि लोकर यांना पैकीच्या पैकी गुण. ‘जुनं दिसणारं’ नवं सामान मात्र घेऊ नका.

सगळ्यात जास्त समाधान भिंतींनी दिलं. या स्टाईलच्या फोटोंत दिसतात त्या पांढऱ्या लाकडी पट्ट्या, एकीची कड दुसरीवर चढणाऱ्या, मुळात अमेरिकेतल्या कोठारांना बाहेरून मारायच्या. इथं त्यांच्यामागं ओल धरली तर महिनोन् महिने कळणारही नाही, म्हणून त्या लावल्या नाहीत. त्याऐवजी पश्चिमेच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा उतरवून चुन्याचा केला आणि बाकीच्या भिंतींवरचा प्लॅस्टिक पेंट खरवडून चुन्याची सफेदी दिली. गवंडी मुरलेला होता. त्यानं चुना आधी भिजवून मुरवला, गिलाव्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं, सफेदीत डिंक आणि चिमूटभर नीळ. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. त्याला घाई केलेली चालत नाही, ऐन उन्हात तो तडकतो. काम थंडीत काढा. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२च्या आसपास, म्हणजे खूप अल्कधर्मी असतो, त्यामुळं बुरशी तिथं सहसा धरत नाही.

पावसात ही भिंत जरा गडद होते, उघडीप पडली की परत उजळते. पोपडे नाहीत, लोणा (ओलीनं भिंतीवर फुटणारा खार) नाही. एकच त्रास आहे : टेकलं की सफेदी कपड्याला लागते. बाकाच्या मागं हातभर उंचीची लाकडी फळी ठोकली आणि तो प्रश्न मिटला. वरून कुणी ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट मारायला सांगितलं तर ऐकू नका, आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते.

जमिनीला शहाबादी फरशी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा दगड, चुनखडीचा. एप्रिल-मेमध्ये अनवाणी चालायला यासारखं सुख नाही. पण चुनखडी आणि आंबट यांचं जमत नाही. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिलं की पॉलिश जाऊन पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून निघत नाही. कडाप्प्याचंही तेच. रविवारी तांबडा रस्सा होतो त्या घरात खडबडीत फरशी स्वयंपाकघरात नको, तर्रीचं तेल दगडात मुरतं. आत पॉलिश केलेली आणि सोप्यात खडबडीत, ही वाटणी आम्हाला सोयीची पडली.

लाकडाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथंच जास्त जातात. पेठांतली आणि आसपासच्या गावांतली जुनी घरं उतरवली की चौकटी, तुळया, दारं वखारीत येतात. सागवानाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, मात्र कडेचं फिकट लाकूड किडतं. निवडताना तुळई उभी करून आपटा. खालून पीठ पडलं तर सोडून द्या. खिळे आधी काढून घ्या, नाहीतर सुतार रंधा लावायला तयार होत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुन्या दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात आणि त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, ही दारं तर कितीतरी आधीची. झिजलेला लूक आणायला त्यांना कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. रंग ओला करून, घराबाहेर खरवडायचा. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाची फडकी चुरगाळून एका जागी टाकू नका, आपोआप पेट घेतात.

आमच्या हॉलमध्ये अशा दाराचं केलेलं टेबल आणि एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) झिजलेला रंग मारलेलं कपाट शेजारी-शेजारी आहेत. श्रावण संपेपर्यंत कपाटाच्या कडा फुगल्या. टेबल आहे तसंच आहे.

रुळावर सरकणारं कोठाराचं दार सामानाच्या खोलीला छान आहे. बेडरूमला किंवा बाथरूमला लावू नका. धान्याचं कोठार घट्ट बंद व्हायची गरज नव्हती, आपल्याला आवाज आणि फोडणीचा वास दोन्ही अडवायचे असतात. या स्टाईलच्या चिनी मातीच्या खोल सिंकमध्ये कुकर आणि मोठा टोप आडवा बसतो, सासूबाई त्यावर खूश आहेत. वजन भरपूर, खाली पक्का आधार बांधून घ्या. स्टीलच्या भांड्यांच्या करड्या रेघा उमटतात, पण सौम्य पावडरनं जातात.

गालिचा न घेता पट्टणकोडोलीहून घोंगडी आणली. काळी लोकर मेंढीचीच, रंग दिलेला नाही. चिंचोक्याची खळ असते म्हणून नवं घोंगडं कडक आणि टोचरं लागतं, वापरानं नरम होतं. कसर लागते, तेव्हा उघडीप दिसली की ऊन दाखवायचं. तागाच्या चटईला मात्र पहिल्याच झडीत कुबट वास आला. ती गेली, तिथं आजीची वाकळ आली.

तांब्या-पितळेची भांडी मांडणीवर शोभेला ठेवू नका, कळकतात. रोज घासून पाणी भराल ती घागर चकचकीत राहते.

करणार असाल तर आधी चुन्यात काम केलेला गवंडी शोधा, डिझायनर नंतर. त्यानं केलेली, निदान एक पावसाळा सोसलेली भिंत बघायला मागा, आणि बघायला जाल तेव्हा पश्चिमेच्या बाजूनं खालची हातभर जागा हात लावून तपासा. सफेदीचा एक हात दरवर्षी दसऱ्याच्या आधी लागतो, तो खर्च धरूनच हिशेब करा.