‘नव्या’ अल्टरनेटरचा रंग बोटाला लागला, तरी मी ३३,९५० रुपये मोजले

सांगायला लाज वाटते, कारण मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पोरांकडून ओहमचा नियम घोकून घेणारा मास्तर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गंडला.

गाडी बाबांची, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. मूळचा डायनामो काढून बाबांनीच तिला अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) बसवून घेतला होता. दिवाळीनंतर रोज सकाळी बॅटरी उतरलेली. धक्का मारून चालू केली की दिवसभर ठणठणीत, दुसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता टक्-टक्.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी ‘बॅटरी गेली’, ५,२००. चार दिवसांत पुन्हा तेच, मग ‘अल्टरनेटर संपलाय’, ९,५००. मग एक जळकी वायर माझ्यासमोर नाचवत, ‘साहेब, आत सगळी अशीच आहे, एखाद्या दिवशी गाडी पेटेल.’ फुल वायरिंग १४,७५०. मजुरी वेगळी, ४,५००. भाव एवढा का, तर ‘२०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, आता माल येतो कुठून?’ टॅक्सीचं मी पेपरात वाचलं होतं. एक गोष्ट खरी निघाली म्हणून बाकीच्याही खऱ्या धरल्या.

आणि तो क्षण. अल्टरनेटर बसवून झाल्यावर मी कौतुकानं त्यावरून हात फिरवला आणि बोटाला चंदेरी रंग लागला. ओला! कारखान्यातून आलेल्या मालाचा रंग बोटाला लागतो का? पुलीच्या खोबणीत जुनं काळं वंगण तसंच होतं, तेही दिसलं. मी काय केलं, तर रुमालाला बोट पुसलं. त्यानं लगेच मीटर लावून दाखवला, गाडी चालू असताना १३.९ व्होल्ट. आकडा बघून माझ्यातला मास्तर गार झाला. अरे, चार्जिंग चांगलं होतं म्हणजे रात्री बॅटरी कोण पितंय हा प्रश्न सुटत नाही! पण मागे शाळेची रिक्षा खोळंबली होती, आई गाडीत बसली होती. तुम्हीही पैसे दिलेच असते.

तिसऱ्या सकाळी पुन्हा टक्-टक्.

शेवटी आमच्या सोसायटीतले एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले काका आले. हातात फक्त एक बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. दारं बंद करून बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प काढली, क्लॅम्प आणि टर्मिनलच्या मध्ये बल्ब जोडला. किल्ली बंद, तरी बल्ब पेटला, म्हणजे बंद गाडीतही काहीतरी करंट ओढतंय. एकेक फ्यूज काढला, बल्ब तसाच. अल्टरनेटरची जाड वायर सोडवली आणि बल्ब विझला. त्या वायरीला फ्यूज नसतो, म्हणून फ्यूज काढून काही कळत नव्हतं. ‘नव्या’ अल्टरनेटरचा डायोड लीक. करंट एकाच दिशेनं जाऊ द्यायचं त्याचं काम, तोच रात्रभर बॅटरी उलटी रिकामी करत होता. नाना पेठेतून डायोड प्लेट आणली, ६५० रुपये. काकांनी पैसे घेतले नाहीत. ‘फुल वायरिंग’ची काळी टेप सोलली तर आत बाबांच्या वेळची तीच वायर.

चौकीत गेलो. ‘हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा.’ फसवणूक सिव्हिल कशी, विचारलं तर ‘४२० आता राहिलं नाही, ३१८ झालंय’ एवढं ज्ञान देऊन हवालदारसाहेब चहाला गेले. दुसऱ्या दिवशी अंमलदार वेगळे, पुन्हा पहिल्यापासून रामायण. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावला तर पक्कं बिल मागतात. बिल कुठलं? सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला हिशेब! पैसे रोख, कारण ‘ऑनलाइनला जीएसटी लागतो साहेब.’ तक्रार नोंदवली, अकरा दिवसांनी मेसेज आला: तक्रार बंद. कुणी बंद केली, काय बघून, विचारायला माणूसच नाही. आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही म्हणे, पण तिथंही पहिला प्रश्न बिलाचाच येणार.

काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका. आणि काम सुरू व्हायच्या आधी जुन्यावर खिळ्यानं खूण करा, मोबाइलवर फोटो काढा. यूपीआयनंच द्या, तो कितीही कुरकुरला तरी. जळकी वायर दाखवली तर ती माझ्या गाडीत कुठं होती ते दाखव म्हणा; मी विचारलं नाही. निळी होती ती. माझ्या गाडीत त्या जाडीची निळी वायरच नाही.

काल त्या इलेक्ट्रिशियनच्या गाळ्यासमोरून गेलो. एक अँबॅसिडर बोनेट उघडून उभी होती, तिचा मालक खुर्चीत चहा पीत बसलेला. मला बघून इलेक्ट्रिशियननं हात केला: ‘काय साहेब, गाडी मस्त चालतीय ना?’