वॉशिंग मशीनच्या ‘सर्व्हिस सेंटर’ने घातलेला ६,४०० रुपयांचा गंडा

एकूण ६,४०० रुपये गेले. भेटीचे ३५०, ‘बोर्ड रिपेअर’चे ४,८५० आणि नंतर ‘केमिकल सर्व्हिस’चे १,२००. काम होतं ६७० रुपयांचं. आकडे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी “अगं, पण तू विचारलं नाहीस का?” म्हणायला नको. घरातल्यांकडून ते पुरेसं ऐकून झालंय.

मशीन टॉप लोड, वॉरंटी संपलेली. पाणी भरायचं थांबेचना. ठरलेल्या पातळीला थांबून ड्रम फिरायला हवा, ते सोडून काठापर्यंत भरून पाणी बाथरूमभर. कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर पुणे’ एवढं टाकून जो पहिला नंबर आला तो लावला. बनावट नंबरांचे किस्से मलाही माहीत आहेत हो! पण ते ओटीपी मागतात, लिंक पाठवतात, ॲप घ्यायला लावतात. इथे कुणी काहीच मागितलं नाही. सरळ माणूस दारात आला, कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. सासूबाईंनी त्याला चहासुद्धा दिला.

आता जे सांगतेय ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्याने मशीन पुढे ओढलं, प्लग काढला आणि वायर गुंडाळून मशीनवर ठेवली. ड्रममध्ये पाणी पडतच होतं. बारीक धार होती, पण आवाज स्पष्ट येत होता. फरशी ओली होतेय म्हणून मागचा नळ मीच जाऊन बंद केला. आणि त्यानंतर तो मला म्हणतो, “मॅडम, बोर्ड गेलाय. बंद हो असा सिग्नलच देत नाहीये व्हॉल्व्हला.” बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं सर्किट. ज्या बोर्डाला वीजच नाही तो सिग्नल देणार डोंबलाचा! प्लग माझ्या डोळ्यांसमोर होता. पण माणूस इतक्या खात्रीने बोलत असताना मधे कोण तोंड घालणार? मी काही इंजिनिअर नाही.

तर तुम्ही तरी हे करून बघा, फुकट आहे. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग कोरड्या हाताने प्लग काढा. नळ चालू ठेवा. तरीही पाणी आत येत असेल तर दोष इनलेट व्हॉल्व्हचा, म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेचा. हा व्हॉल्व्ह वीज मिळाली की उघडतो आणि वीज गेली की आतल्या स्प्रिंगने आपोआप मिटतो. गाळ अडकला की आतला रबरी पडदा नीट बसत नाही. आमच्याकडे धायरीत टँकरचं पाणी, त्यात गाळाला काय तोटा! प्लग काढल्यावर पाणी थांबलं, तर मात्र पाण्याची पातळी ओळखणारा प्रेशर सेन्सर आणि त्याची बारीक नळी बघायला सांगा. नळी साबणाच्या मळाने तुंबली किंवा निसटली की टब भरला तरी मशीनला तो रिकामाच वाटतो. बोर्डावर संशय घ्यायची पाळी या सगळ्यानंतर.

तो बोर्ड ‘लॅब’मध्ये घेऊन गेला. व्हॉट्सॲपवर जळक्या बोर्डाचा फोटो आला, हिरवी पट्टी आणि मधोमध काळा डाग. मी ४,८५० पाठवले. बोर्ड बसवल्यावर मशीन थोडे दिवस चाललं, बहुतेक व्हॉल्व्हची जाळी तेवढी धुतली असणार. पुन्हा भरून वाहायला लागलं तेव्हा ‘क्षार साचलेत’ म्हणून १,२०० घेतले. त्यानंतर फोन बंद.

शेवटी सोसायटीच्या वॉचमनने ओळखीचा मिस्त्री आणला. व्हॉल्व्ह ४२०, मजुरी २५०. त्याने बोर्ड दाखवला. सगळा जाड, चिकट, पारदर्शक लेपात बुडवलेला. लेपावर ओरखडासुद्धा नाही. “हे उकरल्याशिवाय आतला पार्ट बदलताच येत नाही ताई,” तो म्हणाला. म्हणजे माझ्या बोर्डाची दुरुस्ती झालीच नव्हती. फोटोतल्या बोर्डावर तर लेपच नव्हता. दुसऱ्याच कुणाचा बोर्ड!

कुठलाही पार्ट घराबाहेर जाऊ देऊ नका. द्यावाच लागला तर आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

मग सुरू झाली दुसरी वरात. चौकीत विचारलं, “रक्कम किती?” सांगितल्यावर हवालदाराने पेन खाली ठेवलं. “तुम्हीच दिलेत ना पैसे? माणूस घरी आला, काम करून गेला. ही फसवणूक नाही, व्यवहार आहे.” तिथून ठाण्यात, ठाण्यातून ऑनलाइन तक्रार करा म्हणून परत घरी. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. मशीनची कंपनी म्हणते, तो नंबर आमचा नाही, आणि वर ऐकवतात की बाहेरच्या माणसाला मशीन उघडू द्यायला नको होतं! तुमचं नाव, तुमचं बोधचिन्ह लावून लोक राजरोस धंदा करतायत, त्याचं काय? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, हे खरं. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्या पावतीवर नुसता मोबाइल नंबर. जीएसटी लावला होता १८ टक्के, जीएसटी क्रमांक मात्र नाही. पैसे देण्याआधी तो पंधरा अक्षरांचा क्रमांक मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर तिथेच, त्याच्यासमोर टाकून बघा.

कंपनीचा नंबर मशीनसोबतच्या पुस्तिकेतून किंवा मागच्या स्टिकरवरून घ्या, नेटवर शोधू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला लगेच फोन करा, चौकीच्या पायऱ्या नंतर. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

माझ्याकडे सध्या एक तक्रार क्रमांक आहे आणि ‘तपास सुरू आहे’ असा मेसेज. तो मोबाइल नंबर पुन्हा चालू झालाय, फ्रिज दुरुस्तीखाली, दुसऱ्याच कंपनीच्या नावाने.