सरसकट निम्मा खर्च की पावतीनिशी खर्च?

नोकरी सोडून स्वतःची प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या वकील, डॉक्टर, आर्किटेक्टपुढे दोन वाटा असतात. पहिली, आयकर कायद्यातली सरसकट निम्म्या उत्पन्नाची सोय: ३१ मार्च २०२६ पर्यंत १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडीए, त्यानंतर २०२५ च्या नव्या कायद्यातलं कलम ५८. वर्षाची जमा, म्हणजे प्रॅक्टिसमधून आलेली एकूण रक्कम, ५० लाखांपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांपुढे नसेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न दाखवायची. उरलेली निम्मी सगळ्या खर्चापोटी धरली जाते. वहीखातं ठेवायची सक्ती नाही आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपण्याआधीच भरायचा कर) १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो.

दुसरी वाट प्रत्यक्ष खर्चाची: भाडं, पगार, वीजबिल, कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वापराने घटलेल्या किमतीची वजावट). मोबाइलसारखा खर्च घरगुती वापर वगळूनच धरायचा. एकाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च सहसा नामंजूर होतो. आणि नफा निम्म्याहून कमी दाखवला, एकूण उत्पन्नही करमुक्त मर्यादेपुढे गेलं, की हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट दोन्ही आलं. त्याची फी वेगळी.

घरून काम करणाऱ्या सल्लागाराची जमा २० लाख आणि खर्च ४ लाख असेल, तर मी डोळे मिटून पहिली वाट सांगेन. पण भाड्याचा दवाखाना, मदतनीस आणि लॅबची बिलं सांभाळणाऱ्या दंतवैद्याचा खर्च त्याच २० लाखांत १३ लाखांवर जातो. त्याने १० लाखांवर कर का भरावा? त्याने पहिल्या महिन्यापासून वेगळं बँक खातं ठेवावं, प्रत्येक बिल जपावं.